माजी प्रशिक्षकाची कैफियत

फुटबॉलच्या माजी प्रशिक्षकाची मुलाखत हा दूरचित्रवाणीवरचा आता चांगलाच रुळलेला प्रकार आहे, आणि त्याचा शिरस्ताही ठरून गेला आहे. संघाचा कारभार हाती असेतोवर ज्या गृहस्थाने दर आठवड्याला पत्रकारांपुढे बसून, मालकांची मर्जी खप्पा होणार नाही, खेळाडू बिथरणार नाहीत आणि पंचांविषयी वावगा शब्द गेल्याबद्दल दंड भरावा लागणार नाही अशा बेताने शब्द मोजूनमापून खर्च केलेले असतात, तोच गृहस्थ बडतर्फीचा हुकूम हाती पडून वर्ष-सहा महिने लोटले की दिव्यांच्या झगमगाटात येऊन बसतो आणि आपली कैफियत मांडू लागतो. अमुक खेळाडू मला हवा होता, तो मिळू दिला नाही. तमुक संचालकाने पाठीमागे कारस्थान केले. आणखी एक हंगाम मिळता तर चषक आणून दाखवला असता. मग त्या संघाच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बिचाऱ्यावर अन्याय झाला. दुसरा म्हणतो, गेला ते बरेच झाले, आता तरी त्याने गप्प बसावे. दोन दिवस गदारोळ चालतो, शनिवारी नवा सामना येतो आणि मुलाखत दप्तरदाखल होते.

२०२४ च्या जानेवारीत मात्र अशी एक मुलाखत झाली की तिने हा शिरस्ता मोडला, आणि तो मोडण्याचे श्रेय बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यांच्याही पदरी पडते. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक, स्वीडनचे स्वेन-गोरान एरिक्सन यांनी ११ जानेवारीला स्वीडिश नभोवाणीवर बोलताना आपल्याला कर्करोग झाल्याचे आणि फार झाले तर वर्षभराचे आयुष्य हाती असल्याचे सांगितले. बातमी साहजिकच जगभर पसरली आणि थोड्याच दिवसांत ब्रिटनच्या स्काय न्यूज वाहिनीने त्यांना गाठले. आजार, उपचार, उरलेले दिवस यांविषयी विचारले जाणार हे उघड होते. तसे विचारलेही गेले, आणि एरिक्सन यांनी आवाज न चढवता, न उतरवता उत्तरे दिली. पण बोलण्याच्या ओघात ते एक गोष्ट सांगून गेले. लिव्हरपूलचा प्रशिक्षक व्हावे अशी आपली सदैव इच्छा होती. ती काही आता पुरी व्हायची नाही. पण आपण त्या संघाचे चाहते होतो आणि आजही आहोत, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. त्यात कोणाकडे मागणी नव्हती, कोणावर ठपका नव्हता, आणि ही इच्छा का राहून गेली याची मीमांसाही नव्हती.

मागणी केली ती लिव्हरपूलच्या चाहत्यांनी. क्लबच्या धर्मादाय कार्याच्या मदतीसाठी ॲनफिल्डच्या मैदानावर निवृत्त खेळाडूंचे सामने होत असतात; तसा एक सामना मार्चमध्ये हॉलंडच्या आयाक्सच्या जुन्या खेळाडूंशी व्हायचा होता. त्या सामन्यापुरते का होईना, संघाचे प्रशिक्षकपद एरिक्सन यांच्याकडे द्यावे, असा आग्रह चाहत्यांनी धरला आणि तो लावून धरला. त्या वेळचे प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांना पत्रकारांनी छेडले तेव्हा त्यांनी, सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे करणे जरा कठीण जाईल, पण एरिक्सन यांनी खुशाल यावे आणि आपल्या कचेरीत आपल्या खुर्चीवर एक दिवस बसावे, असे मोकळेपणी सांगून टाकले. (ज्या खुर्चीवर बसण्याचे हे आमंत्रण होते ती हंगामाअखेर सोडण्याचा मनोदय क्लॉप यांनी त्याच महिन्यात जाहीर केला, म्हणजे हे आमंत्रण एका परीने एका होऊ घातलेल्या माजी प्रशिक्षकाने दुसऱ्याला दिले होते.) क्लबनेही आढेवेढे घेतले नाहीत. २३ मार्च २०२४ रोजी एरिक्सन ॲनफिल्डच्या बोगद्यातून बाहेर आले तेव्हा स्टेडियम भरलेले होते. इयान रश, जॉन बार्न्स आणि जॉन ऑल्ड्रिज हे क्लबचे एकेकाळचे मानकरी त्यांचे सहायक म्हणून शेजारी होते, मैदानात स्टीव्हन जेरार्ड आणि फर्नांडो टोरेस होते, आणि तेथील प्रघाताप्रमाणे ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत हजारो कंठांतून उठले तेव्हा इतक्या वर्षांच्या पेशात भावना चेहऱ्यावर उमटू न देण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या, किंबहुना त्याबद्दल टीकेचा धनी झालेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले. मध्यंतराला संघ दोन गोलांनी मागे होता. नंतर विन्याल, सिसे, एल झार आणि टोरेस यांनी एकेक गोल केला आणि सामना ४-२ असा जिंकला. एवढाच एक सामना, एवढीच ती कारकीर्द.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाविषयी कोणाला माया वाटत नाही? हाच गृहस्थ धडधाकट असता आणि त्याने हीच इच्छा बोलून दाखवली असती तर याच चाहत्यांनी त्याची थट्टा केली नसती कशावरून? इंग्लंडच्या प्रेक्षकांनीच २००६ साली, विश्वचषकात, लागोपाठ तिसऱ्या मोठ्या स्पर्धेत, संघ उपांत्यपूर्व फेरीतच अडखळल्यावर, त्याला कोणत्या शब्दांत निरोप दिला होता ते इतक्यात कसे विसरायचे? शिवाय अश्रू आणि सामुदायिक गायन यांचे दूरचित्रवाणीला वावडे नाही. उलट तिचा पुष्कळसा कारभार त्यांवरच चालतो. तेव्हा हा सारा प्रकार म्हणजे कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेली एक हळवी दुपार, याहून अधिक काही नाही, असे एखादा रोखठोक वाचक म्हणेल.

मला हे म्हणणे मान्य नाही. दया ही निष्क्रिय असते. ती चुकचुकते आणि पुढे जाते. येथे लोकांनी एका वाक्यातली नेमकी गोष्ट उचलली, ती पुरी करण्याजोगी आहे हे ओळखले, कोणत्या दिवशी आणि कोणत्या सामन्यात ती पुरी करता येईल हेही सुचवले, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांच्याकडून ती करवून घेतली. याला हळवेपणा म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी लिस्बनला बेनफिकाच्या आणि जेनोव्हाला सांपदोरियाच्या मैदानावर एरिक्सन यांचे असेच स्वागत झाले. पण त्या गावांचे त्यांच्याशी देणे-घेणे होते. बेनफिकाला त्यांनी लीगची तीन अजिंक्यपदे मिळवून दिली होती आणि १९९० मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. सांपदोरियाने १९९४ चा इटालियन चषक त्यांच्याच हाताखाली जिंकला होता. तेथे कृतज्ञता होती, आणि ती असायलाच हवी होती. लिव्हरपूलसाठी त्यांनी एकही चषक आणलेला नव्हता, एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. ज्याचे काही देणे लागत नाही त्याला दिलेले दान निराळ्या जातीचे असते.

प्रेक्षकांना चंचल म्हणण्याची प्रथा आपल्याकडे आहे, तशी तिकडेही आहे. माझे मत असे की माजी प्रशिक्षकाच्या बाबतीत अखेरचा निवाडा करण्याचा हक्क कोणाला असेलच तर तो या चंचल म्हणवल्या जाणाऱ्या मंडळींनाच आहे, आणि संचालकांपेक्षा व वर्तमानपत्रांपेक्षा ते तो अधिक न्यायाने बजावतात; मात्र समोरच्या माणसाने तो निवाडा मागता कामा नये. मागितला की ते वकील होतात, न्यायाधीश राहत नाहीत. हे म्हणणे मनावर ठसावे असा एक जुना दाखला इंग्लंडच्याच दूरचित्रवाणीच्या दप्तरात आहे.

१२ सप्टेंबर १९७४ रोजी लीड्स युनायटेडने ब्रायन क्लफ यांना अवघ्या ४४ दिवसांच्या नोकरीनंतर घरी पाठवले. सहा लीग सामन्यांत एक विजय, दोन बरोबरी, तीन पराभव असा त्यांचा हिशेब होता. पण खरे भांडण हिशेबाचे नव्हते. त्यांच्या आधी तेरा वर्षे लीड्सचा संसार चालवून, त्याला देशातील अव्वल संघांत आणून बसवून, डॉन रिव्ही हे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले होते, आणि रिव्ही यांच्या या संघाने आपले चषक आडमार्गाने मिळवले आहेत असे क्लफ वर्षानुवर्षे उघडपणे म्हणत आले होते. नोकरीवर रुजू होताच त्यांनी खेळाडूंना तुमची पदके कचऱ्याच्या टोपलीत टाका असे सुनावल्याची हकिगत तर पुढे दंतकथेच्या पदवीला पोचली. बडतर्फीच्या त्याच संध्याकाळी यॉर्कशायर टेलिव्हिजनने या ताज्या माजी प्रशिक्षकाला स्टुडिओत बोलावले आणि त्यांच्या समोर, मध्ये मुलाखतकार ऑस्टिन मिचेल यांना बसवून, प्रत्यक्ष रिव्ही यांनाच आणून बसवले. नोकरी गेलेल्या माणसाला संध्याकाळच्या आत त्याच्या पूर्वसूरीसमोर उभे करणे यात सभ्यता किती आणि खेळ किती, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला की नाही कोण जाणे.

ती अर्ध्या तासाच्या आतबाहेरची चकमक आजही पाहण्यासारखी आहे. क्लफ म्हणतात, मला लीग जिंकायची होती, पण तुमच्यापेक्षा चांगल्या रीतीने. रिव्ही तडक विचारतात, चांगल्या रीतीने म्हणजे कशी? आम्ही तर चारच सामने हरलो. क्लफ उत्तरतात, मग मला तीनच हरावे लागले असते. पहिल्या २९ लीग सामन्यांत अपराजित राहिलेल्या संघाविषयी दोन प्रौढ पुरुष चार पराभव की तीन पराभव या हिशेबावर येऊन ठेपतात, तेव्हा हसू येते आणि त्याच क्षणी हेही उमगते की दोघांपैकी कोणीही फुटबॉलविषयी बोलत नाही. दोघेही कॅमेऱ्यापलीकडच्या पंचांना उद्देशून बोलत आहेत, आणि आपापल्या बाजूने निकालपत्र मागत आहेत. रिव्ही यांनी दिलेला बोचरा मुद्दा असा की खेळाडूंशी तुम्ही आपलेपणाने एकदा तरी बोललात का. आणि क्लफ यांचा बचाव असा की मला वेळच मिळाला नाही.

याचा परिणाम काय झाला? लीड्सचा चाहता रिव्ही यांच्या बाजूला होता, तो तेथेच राहिला. पूर्वीच्या एका नोकरीत डर्बी काउंटीला १९७२ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलेल्या क्लफ यांचा चाहता क्लफ यांच्या बाजूचा होता, तोही हलला नाही. एका माणसाचेही मत त्या रात्रीने फिरवले असेल असे मला वाटत नाही. क्लफ यांचा निवाडा पुढे झाला, पण तो नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या दुय्यम लीगमधल्या संघाला वर आणून १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकून दिल्यावर, आणि तो देताना कोणाला त्या मुलाखतीचा आधार घ्यावा लागला नाही. रिव्ही यांचे नशीब उलटे फिरले. १९७७ मध्ये ते इंग्लंडचे पद अर्धवट टाकून अमिरातीच्या नोकरीवर गेले, इंग्लिश फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि न्यायालयाने ती पुढे रद्द ठरवली, तरी लोकमानसातली बंदी काही उठली नाही. स्टुडिओतल्या त्या संध्याकाळी अधिक प्रतिष्ठित दिसलेला माणूस हा होता.

या चकमकीच्या जेमतेम पाच आठवडे आधी, १० ऑगस्टला, वेम्बलीच्या मैदानावर चॅरिटी शील्डच्या सामन्यासाठी दोन संघ रांगेने बाहेर पडले तेव्हा लीड्सच्या अग्रभागी क्लफ होते आणि लिव्हरपूलच्या अग्रभागी बिल शँक्ली. शँक्ली त्या दिवशी खरे तर माजी झालेलेच होते. महिनाभरापूर्वी त्यांनी राजीनामा देऊन सगळ्यांना चकित केले होते. ही मिरवणूक म्हणजे निरोपाचा मान होता. राजीनाम्याची वार्ता कळली त्या दिवशी ग्रनाडा वाहिनीचे वार्ताहर टोनी विल्सन ध्वनिक्षेपक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यावर उतरले आणि जो भेटेल त्याला शँक्ली गेल्याचे सांगू लागले. त्या चित्रफितीतली पोरे वार्ताहराच्या तोंडाकडे पाहतात, तुम्ही चेष्टा करता आहात असे म्हणतात, आणि खरेच आहे हे कळल्यावर त्यांचे चेहरे असे उतरतात की घरातलेच कोणी गेल्याची खबर असावी. चाहत्यांची माजी प्रशिक्षकाविषयीची प्रतिक्रिया इतक्या निर्भेळ रूपात दूरचित्रवाणीने क्वचितच टिपली असेल.

पण शँक्ली यांची पुढली गोष्ट दुःखाची आहे. सवयीने ते सकाळी मेलवुडच्या सराव-मैदानावर जात राहिले. खेळाडू जिभेच्या सवयीने त्यांना ‘बॉस’ म्हणत राहिले. आणि नवे प्रशिक्षक बॉब पेस्ली यांची त्यामुळे होणारी अडचण पाहून क्लबने, सौम्यपणे का होईना, त्यांना दूर ठेवले. ते मनाला लागले, इतके की शेजारच्या एव्हर्टनने आपल्याला अधिक आपुलकी दाखवली असे त्यांनी लिहून ठेवले. क्लब संकोचला तरी गर्दी संकोचली नाही. ते एकदा ॲनफिल्डच्या ‘कॉप’ या प्रेक्षकसज्जातल्या गर्दीत सामान्य प्रेक्षकांबरोबर जाऊन उभे राहिले तेव्हा लोकांनी त्यांना सामावून घेतले. १९८१ मध्ये शँक्ली वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे लोखंडी दरवाजे मैदानाला बसले. माजी प्रशिक्षक हयात असताना त्याचे काय करावे हे संस्थांना कळत नाही. तो गेल्यावर दरवाजे, पुतळे, नामकरण यांबाबत त्या तत्पर असतात. २०२४ मध्ये त्याच क्लबने हयात माणसासाठी दार उघडले, आणि ते उघडायला लावले प्रेक्षकांनी, हे ज्याला शँक्ली यांचा इतिहास ठाऊक आहे त्याला सहजासहजी हळवेपणाच्या खात्यात टाकता येणार नाही.

आता वर्तमानपत्रांकडे वळले पाहिजे, कारण एरिक्सन यांचा खटला सर्वांत जास्त काळ तेथे चालला. त्यांची नेमणूक जाहीर होताच एका मोठ्या खपाच्या दैनिकातल्या स्तंभलेखकाने, बर्फावर घसरत खेळणाऱ्या एका चिमुकल्या देशाला इंग्लंडने आपला जन्मसिद्ध हक्क विकला, अशा थाटाचा आक्रोश केला होता. १ सप्टेंबर २००१ ला म्युनिकमध्ये इंग्लंडने जर्मनीला ५-१ अशी धूळ चारली तेव्हा हेच आक्रोश करणारे पोवाडे गाऊ लागले, आणि पुढच्या पाच वर्षांत पुन्हा आक्रोशाकडे आले. हिशेब मांडायचाच तर असा आहे: २००२ मध्ये ब्राझीलकडून आणि २००४ व २००६ मध्ये पोर्तुगालकडून, नंतरचे दोन्ही पेनल्टी किकांवर, असे तीन उपांत्यपूर्व पराभव, आणि साऱ्या पात्रता फेऱ्यांत मिळून पराभव एकच, २००५ मध्ये बेलफास्टला. बेकम, जेरार्ड, लॅम्पार्ड, रूनी, ओवेन एवढे खेळाडू हाती असताना ही मिळकत तोकडी होती, आणि तसे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला दोष देता येणार नाही. पण वर्तमानपत्रांना त्या मिळकतीपेक्षा एरिक्सन यांच्या शयनगृहात अधिक रस होता. २००६ च्या जानेवारीत ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या रविवारच्या पत्राचा वार्ताहर मझहर महमूद याने धनाढ्य अरब शेखाचे सोंग घेऊन दुबईत एरिक्सन यांना बोलते केले, आणि खाजगी गप्पांत त्यांनी दुसऱ्या नोकरीविषयी जे काही म्हटले ते पहिल्या पानावर टाकले. महिना संपायच्या आत, विश्वचषकानंतर एरिक्सन पद सोडतील, असे संघटनेने जाहीर केले. पुढे ते पत्र फोन चोरून ऐकण्याच्या भानगडीत २०११ साली बंद पडले, आणि तो शेख २०१६ मध्ये एका खटल्यातल्या पुराव्यात ढवळाढवळ केल्याबद्दल तुरुंगात गेला.

लिव्हरपूल शहराला या जातीच्या पत्रकारितेची ओळख फार जवळून आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ज्या ९७ चाहत्यांचे प्राण गेले, त्यांच्याविषयी चारच दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर निखालस खोटे आरोप छापले, ज्या मालकाचे ते पत्र, त्याचेच ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’. आपल्या माणसांवरचा कलंक पुसून निघण्यासाठी त्या शहराला २०१२ च्या स्वतंत्र समितीच्या अहवालाची आणि २०१६ च्या चौकशीच्या निकालाची वाट पाहावी लागली. ‘द सन’वरचा बहिष्कार तेथे अजून चालू आहे. एरिक्सन यांना आमंत्रण देताना प्रत्येकाच्या मनात ही साखळी स्पष्ट होती, असे मी म्हणणार नाही. पण छापून आले म्हणून माणसाविषयी वाईट मत करून घ्यायचे नाही ही सवय ज्या गर्दीच्या हाडीमाशी खिळली आहे, तिने एका बदनाम केलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला, यात मला तरी योगायोग दिसत नाही. शिवाय म्युनिकचे ते पाच गोल कोणी केले होते? तीन ओवेनने, एक जेरार्डने, एक हेस्कीने; तिघेही त्या वेळी लिव्हरपूलचे.

त्या मुलाखतीत एरिक्सन यांना तक्रार करायला जागा भरपूर होती. वर्मलँडमधल्या टोर्सबीसारख्या आडगावात बसवर काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. खेळाडू म्हणून बेताचाच, गुडघ्याने दगा दिल्यामुळे सत्ताविसाव्या वर्षी बूट टांगून ठेवलेला. आणि त्यानंतर सात वर्षांत गोथेनबर्गसारख्या हौशी-निमहौशी संघाला १९८२ चा युएफा चषक जिंकून देणारा, पुढे २००० साली रोमच्या लाझिओला इटलीचे अजिंक्यपद मिळवून देणारा. एवढे करून आपल्याला हवी ती नोकरी कधी चालून आली नाही, असे रडगाणे गायला त्यांना कोणी मज्जाव केला नसता. त्यांचे वडील लिव्हरपूलचे जुने चाहते. मुलगा शहात्तर वर्षांचा झाला तेव्हाही ते हयात होते आणि मुलाच्या मागे राहिले. एरिक्सन २६ ऑगस्ट २०२४ रोजी गेले. त्याच आठवड्याच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या माहितीपटातही, माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका, आयुष्य जगून घ्या, एवढाच त्यांचा निरोप होता.

आपला आणि या साऱ्याचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. स्वीडनच्या फुटबॉलला सत्तरच्या दशकात नवे वळण देणाऱ्या दोन तरुण इंग्रजांपैकी एक बॉब हॉटन. त्यांच्या शिस्तबद्ध बचावाची आणि आखीव रचनेची छाप एरिक्सन यांच्या पिढीवर पडली. त्याच हॉटन यांचा माल्मो संघ १९७९ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात क्लफ यांच्या फॉरेस्टकडून एका गोलाने हरला. आणि हेच हॉटन २००६ पासून २०११ पर्यंत भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. दोन नेहरू चषक त्यांच्याच काळातले, आणि २७ वर्षांच्या खंडानंतर भारत २०११ च्या आशियाई चषकात खेळला तोही त्यांच्याच हाताखाली. ते गेल्यावर त्याच वर्षी काही महिने ती जबाबदारी गोव्याच्या आर्मांडो कोलासो यांच्यावर येऊन पडली. धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा हा माणूस लवकरच त्या पदावरून दूर झाला. आपल्यातल्या कितीजणांनी त्यांना, काय झाले, असे विचारले?

सय्यद अब्दुल रहीम यांना तर विचारायची सोयच नव्हती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघातून खेळताना मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत चौथा आला; १९६२ मध्ये, कर्करोगाने पोखरलेल्या शरीराने, रहीम यांनी जाकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकून दाखवले; आणि पुढच्या जूनमध्ये ते वारले. मुंबईत दूरचित्रवाणी यायला तेव्हा नऊ वर्षे होती. आपल्या प्रेक्षकांनी त्यांना पाहिले ते २०२४ च्या एप्रिलमध्ये, ‘मैदान’ चित्रपटात, एका नटाच्या चेहऱ्याने.

आज कॅमेऱ्यांची वाण नाही आणि बोलणारी माणसेही आहेत. म्हणून मराठी आणि कोकणी वाहिन्यांना एक विनंती आहे. कोलासो आहेत, त्यांच्या पिढीचे गोव्यातले इतर प्रशिक्षक आहेत, कोल्हापुरात तालमींच्या संघांना आयुष्य वाहिलेली आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यांना सारे ओळखतात अशी वयस्क मंडळी आहेत. त्यांच्याकडे जा, समोर त्यांचा प्रतिस्पर्धी आणून बसवू नका, कोणामुळे हरलात हे विचारू नका. घाई न करता एवढेच विचारा की कोणत्या संघाचे काम करायचे मनात होते आणि राहून गेले. पुढचे काय करायचे ते प्रेक्षक पाहून घेतील.